चार दिवसांचं दुकान

संगीत महोत्सवात चित्रांचा स्टॉल लावावा की लावू नये, यावरून जरीपटक्याच्या एका कापड दुकानात मागच्या हिवाळ्यात बोलाचाली झाली. तिच्यात बाजू उलट्या पडल्या होत्या. चित्रकार म्हणत होती, लावायचाच. आणि ज्याचं आयुष्य गल्ल्यावर गेलं तो दुकानदार म्हणत होता, अजिबात लावू नको.

दुकानदार म्हणजे दादा. सिंधी घरांत वडीलधाऱ्याला दादा म्हणतात आणि बाजारातले मराठी लोकही त्यांना तेच म्हणतात. वय पंच्याहत्तरीपुढचं, मराठी अस्सल नागपुरी, मनातला हिशोब मात्र अजून सिंधीत. चित्रकार इंदोऱ्याच्या बाजूची, शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकलेली, लिनोकट करणारी. जरीपटका आणि इंदोरा अगदी लागून आहेत. इकडे चेटीचंडची मिरवणूक निघते, तिकडे भीमजयंतीची, आणि दोन्हींना कापड याच दुकानातून जातं. मी पडद्याचं कापड घ्यायला गेलो होतो, ते राहूनच गेलं.

ती मागत होती सहा मीटर काळी पॉपलीन. स्टॉलच्या मागच्या बाजूला लावायला.

“कशाचा स्टॉल?” थान उलगडता उलगडता दादांनी विचारलं.

“चित्रांचा. गाण्याचा महोत्सव आहे चार दिवस, तिथे.”

“तू तर कॉलेज केलं ना बेटा त्याचं? मग मैदानात कनातीखाली काऊन बसून राहिली?”

“तुम्हीपण बाजारातच बसता ना, दादा.”

“मी दुकानात बसतो. बाजारात माझे वडील बसायचे.” दादांनी थान बाजूला ठेवलं. “कराचीहून बोटीने मुंबई, मग कल्याणची छावणी, मग नागपूर. आधी रेल्वेच्या डब्यात रुमाल विकले. मग फूटपाथवर चादर टाकली. मग हातगाडी, मग लाकडी खोकं, मग हे शटर. माल ज्या भावात घेतला त्याच भावात विकायचे आणि रिकामी पेटी विकून जे मिळेल तो नफा. पोलीस आला की चादरीची चार टोकं धरून उचलायची. एक टोक मी धरलेलं आहे. चादरीपासून शटरपर्यंत यायला त्यांची जवानी गेली. आणि तू शिकलेली पोरगी, भाडं भरून चादर मांडायला चालली!”

हे ऐकल्यावर ती गप्प बसेल असं मला वाटलं. ती बसली नाही.

“आमच्या घरी उलटं आहे, दादा. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. वर्षभर ते तिथे साच्यावरचा एक माणूस. पण दसऱ्याला दीक्षाभूमीवर त्यांचा स्टॉल असायचा. बुद्धाचे, बाबासाहेबांचे फ्रेम केलेले फोटो आणि भीमगीतांच्या पुस्तिका. आदिलाबादहून, अकोल्याहून आलेला माणूस त्यांना विचारायचा, बाबा, घरात लावायला कोणता घेऊ? मिलमध्ये त्यांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं. घरात त्यांचा जो रुबाब होता, तो त्या दोन दिवसांच्या टेबलाचा होता.”

ज्यांनी हा बाजार पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथे दरवर्षी लाखो लोक येतात आणि भोवतालचे रस्ते स्टॉलनी भरून जातात. मूर्ती असतात, बिल्ले असतात, कॅलेंडरं असतात, पण खरा खप पुस्तकांचा. पायात चप्पल नसलेला माणूस पिशवीत ग्रंथ घालून परत जाताना तिथे दिसतो. एका बाजूला कर्ण्यावर गाणी चालूच असतात. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) गावोगाव गाऊन जी परंपरा उभी केली, ती जितकी गळ्यांतून पसरली तितकीच अशा टेबलांवरच्या पातळ पुस्तिकांतूनही. गाणं आणि विक्री एकमेकांना खेटून उभी असलेली पाहायला नागपूरच्या माणसाला दूर जावं लागत नाही.

दादांना दीक्षाभूमी मान्य होती. महोत्सव मान्य नव्हता.

“तिथे येणारा माणूस काहीतरी घरी न्यायलाच येतो. त्याचं कामच आहे ते. गाण्याला येणारा ऐकायला येतो. त्याचे हात रिकामे पाहिजेत, दाद द्यायला. गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नाही, बेटा. माझ्या दुकानासमोरून दिवसभर गर्दी जाते. सगळी आत आली असती तर मी सिव्हिल लाइन्समध्ये बंगल्यात राहिलो असतो.”

“आत यायला दार तर पाहिजे ना. माझं दार चार दिवसांचं आहे, एवढंच.”

“मग हिशोब सांग दाराचा.” दादांनी बिलबुकाची पाठकोरी बाजू पुढे केली. “समज, भाडं बारा हजार. लाइट, टेम्पो, फ्रेमा, हे कापड, तीन हजार. झाले पंधरा. आता विकशील काय?”

“पन्नास रुपयांची पोस्टकार्डं. सहाशेचे लिनोकट. एक-दोन मोठी चित्रं, पंधरा हजारांपर्यंत.”

“पोस्टकार्डात सुटतात किती? चाळीस? म्हणजे पावणेचारशे पोस्टकार्डं विकशील तेव्हा तू शून्यावर येशील. चार दिवसांत. गाणं चालू असताना कोणी येणार नाही, म्हणजे मध्यंतरात. मध्यंतरात माणूस आधी कुठे जातो? बाथरूमला. मग चहाला. मग तुझ्याकडे, आणि तोवर घंटा होते.”

“लिनोकट धरा ना. कागद, शाई, माउंट जाऊन साडेचारशे सुटतात. चौतीस विकले की सगळा खर्च निघाला.”

“विकले का कधी चौतीस?”

“एकदा.”

“आणि बाकीच्या वेळी?”

ती हसली. तिच्या जागी मी असतो तर हसलो नसतो. हा हिशोब खोडून काढता येत नाही आणि तिनेही तसा प्रयत्न केला नाही. संगीत महोत्सवांतल्या स्टॉलबद्दल रंगीत लेख पुष्कळ येतात, त्यांत हे पाठकोरं पान नसतं.

ती जिथे अडकली आहे ती जागाही समजून घेण्यासारखी आहे. नागपुरातच सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. तिथल्या ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळ्यात दिवसा राज्याराज्यांतल्या कारागिरांचे स्टॉल आणि संध्याकाळी लोकनृत्यं असा थाट असतो. पण तो मेळा हस्तशिल्पाचा. हस्तशिल्पी म्हणजे वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त कार्यालयाचं ‘पहचान’ कार्ड असलेला माणूस, ज्याच्या कलेचं नाव सरकारी यादीत आहे. कॉलेजात शिकून एकटीने लिनो कोरणारी बाई त्या यादीत बसत नाही. दुसऱ्या टोकाला कलादालन. मुंबईची जहांगीर १९५२ साली उघडली, तिची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि भाडं वेगळं. तिच्याच दाराबाहेर फूटपाथवर चित्रकार आपली चित्रं टेकवून उभे असतात, ही गोष्ट मला नेहमी बोलकी वाटत आली आहे. मग उरतात तिकिटाचे महोत्सव, जिथे जो भाडं भरेल त्याला टेबल. पुण्यात भीमसेन जोशींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवातही मांडवाबाहेर पुस्तकांचे, ध्वनिमुद्रणांचे, खाण्याचे स्टॉल असतातच. मुंबईच्या काळा घोडा महोत्सवात, १९९९ पासून, रस्ताच स्टॉलचा होतो. गोव्यात हणजूणचा बुधवारचा बाजार तर परतीच्या भाड्यासाठी हिप्पींनी मांडलेल्या जुन्या सामानातून उभा राहिला. गाणं जिथे, तिथे टेबल. त्यात नवीन काही नाही. नवीन आहे ते टेबलाचं भाडं.

“तू एकीकडे म्हणते पंधरा हजारांचं चित्र,” दादा म्हणाले, “आणि त्याच टेबलावर पन्नासचं पोस्टकार्ड. मी शालू आणि पुसायचं फडकं एका काउंटरवर मांडतो का? पन्नासची वस्तू पाहिली की पंधरा हजार महाग वाटतात. पंधरा हजार पाहिले की पन्नासवाला लाजून पळतो. दोन्ही गिऱ्हाइकं गेली.”

“म्हणून तर लिनोकट मध्ये ठेवते.”

“ते काय असतं, नीट सांग.”

तिने पिशवीतून एक काढून दाखवला. लिनोलियमचा तुकडा घ्यायचा, जे पांढरं हवं ते कोरून काढायचं, जे उरतं त्यावर रोलरने शाई फिरवायची, कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचा. एका ठशाचे ती वीसच छाप काढते. खाली पेन्सिलने ५/२० असं लिहिते, म्हणजे विसातला पाचवा. वीस झाले की ठसा रद्द करते.

“रद्द?”

“आडवी चीर मारते त्याच्यावर.”

“चालणारा माल बंद करते?” दादांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग त्यांनी तो कागद उजेडात धरला, मागून पाहिला, पुढून पाहिला, जसा ते सुती कापडाचा पोत पाहतात. “म्हणजे थान वीसच मीटरचं विणायचं आणि माग मोडून टाकायचा. हं. हे डोकं बरं आहे. पण हे दुकानात कर ना. मैदानात कशाला?”

इथे तिने राजा रविवर्म्याचं नाव काढलं. राजेरजवाड्यांची चित्रं काढणाऱ्या माणसाने १८९४ साली मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. लक्ष्मी, सरस्वती, दमयंती छापून चार-आठ आण्यांच्या माणसांच्या भिंतीवर नेल्या. त्याला बाजार हलका वाटला नाही.

“आणि त्या छापखान्याचं काय झालं?”

“विकावा लागला,” ती प्रामाणिकपणे म्हणाली. “जर्मन तंत्रज्ञाला.”

“बघ! चित्रकाराने दुकान चालवलं की असं होतं. नफा कोणाला? जर्मनाला.” दादा खुश झाले. “आपल्या महालातली चितार ओळ बघ. भोसल्यांच्या काळापासून मूर्ती बनवून राहिले. पण ती ओळ आहे. वर्षभर तिथेच सापडतात. गणपती पसंत नाही पडला तर पुढच्या वर्षी जाऊन भांडता येतं. तुझं टेबल सोमवारी उठलं की तुझ्याशी भांडायला माणसाने कुठे जायचं? दुकान म्हणजे काय? भांडायची जागा. ती असते म्हणून विश्वास असतो.”

दादांच्या सगळ्या बोलण्यात मला हे सर्वांत पटलं. हिशोबापेक्षाही जास्त.

“पण ओळ तरी कोणी वसवली, दादा? राजाने. आज राजा कुठे आहे? गोंड चित्रं पाहिली ना तुम्ही? टिंबं, रेषा, झाडातून निघणारी हरणं?”

“मेळ्यात पाहिली. सूनबाईने एक घेतलंय.”

“ती काढणारे प्रधान. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातलं पाटणगढ हे त्यांचं गाव. प्रधान म्हणजे मुळात चित्रकार नव्हेत, गाणारे. बाना नावाचं तंतुवाद्य घेऊन ठरावीक वर्षांनी गोंड यजमानांच्या घरी जायचे, बडादेवाच्या आणि राजांच्या कथा गायचे. यजमान धान्य द्यायचा, कपडा द्यायचा, गुरं द्यायचा. म्हणजे पक्कं दुकान म्हणा, ठरलेलं गिऱ्हाईक. मग राज्यं गेली, यजमान स्वतःच कंगाल झाले, बाना खुंटीला लागला. ऐंशीच्या सुमारास चित्रकार स्वामिनाथन भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी माणसं गावोगाव पाठवत होते. त्यांना पाटणगढला एका भिंतीवर जनगढसिंह श्यामने काढलेलं चित्र दिसलं. तो भोपाळला आला, त्याच्या मागून भाऊबंद आले, आणि गाणारा समाज एका पिढीत चित्रकारांचा झाला. भज्जू श्यामना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पण रोजचं पोट पद्मश्रीवर चालत नाही, ते मेळ्यांतल्या टेबलांवर चालतं. तुमच्या सूनबाईंनी घेतलेल्या चित्रावर.”

नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्तबुलंद शहाने. त्याच शहरात त्याच्या लोकांचं गाणं आता चित्र होऊन सिव्हिल लाइन्सच्या हिरवळीवर विकायला येतं, हे मला तिथे बसल्या बसल्या सुचलं. मी बोललो नाही. दोघांनाही माझी गरज नव्हती.

“तो जनगढ, त्याचं पुढे काय?”

“२००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात काम करायला गेला होता. तिथेच आत्महत्या केली.”

बराच वेळ दादा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ते तर पक्कं ठिकाण होतं ना. संग्रहालय म्हणजे.”

“हो. सगळ्यांत पक्कं.”

या उदाहरणाचा तिने वाद जिंकायला उपयोग केला नाही, हे मला आवडलं. तशी ती हुशार आहे. दादाच स्वतःहून दुसऱ्या वाटेने आले.

“आमच्यात भगत असायचे. पायात घुंगरू, डोक्यावर पगडी, रात्र रात्र उभं राहून गायचे. भगत कंवरराम तर माझ्या वडिलांनी ऐकलेले. १९३९ मध्ये त्यांना स्टेशनावर गोळी घालून मारलं. सिंधमध्ये असा गळा पुन्हा झाला नाही म्हणतात. त्यांनी कधी स्टॉल लावला होता का?”

“झोळी तर पसरायचे ना?”

“झोळीतलं वाटून टाकायचे ते. तिथल्या तिथे.”

“ते वाटून टाकायचे, मला घरभाडं भरायचं आहे. पण दादा, एक सांगा. गाणं झाल्यावर झोळी फिरायची की आधी?”

“मध्ये फिरायची.”

“म्हणजे मध्यंतरात.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी कापडाच्या थानांकडे पाहिलं.

एव्हाना चहा आला होता. वाद थोडा मऊ पडला आणि कामाच्या गोष्टी निघाल्या. मैदानात मोबाइलचं नेटवर्क गर्दीने बसतं, पैसे अडकतात. अडकले नाहीत तर साउंडबॉक्स ओरडतो. गेल्या खेपेला विलंबित ख्याल चालू होता, गाणारे समेवर येत होते, आणि तिच्या टेबलावरून ‘पचास रुपये प्राप्त हुए’ अशी घोषणा झाली. मागच्या चार रांगा वळल्या.

“म्हणून रोख घ्यावी,” दादा म्हणाले. “चिल्लर ठेवत जा. आणि फोटो? लोक फोटो काढून निघून जातात की नाही? आमच्याकडे साडीचा काढतात आणि गांधीबागेत जाऊन तशीच मागतात.”

“काढू देते. हक्क माझाच राहतो. चित्र विकलं तरी राहतो.”

“विकल्यावर कसा राहील? पैसे मी दिले, भिंत माझी.”

“भिंत तुमची, चित्रही तुमचं. पण त्याचं कॅलेंडर छापायचं तर मला विचारावं लागतं. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. आणि तेच मूळ चित्र पुढे तुम्ही दहा हजारांहून जास्तीला विकलं, तर त्यातला वाटा मागायची तरतूदसुद्धा आहे मला. कलम ५३क.”

दादांनी कप खाली ठेवला. “विकलेल्या मालावर परत कमिशन! बाप्पा! माझ्या दुकानातली साडी लग्नात कोणी कोणाला दिली त्याचं मला काही मिळत नाही. हे आमच्या धंद्यात काऊन नाही?”

“आमच्याकडेही कागदावरच आहे. असा वाटा मिळालेला माणूस मला अजून भेटला नाही.”

आता तिने जे सांगितलं त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, खरं म्हणजे. दादांनी सहज विचारलं होतं, की निदान गाणं तरी फुकटात ऐकायला मिळतं ना.

“ऐकायला मिळतं, पण उलटं,” ती म्हणाली. “स्टॉलची रांग मांडवाच्या बाहेर, बहुतेक वेळा स्टेजच्या एका अंगाला किंवा मागे. गाणारा दिसत नाही. स्पीकरची तोंडं लोकांकडे, पाठ आमच्याकडे. मग काय होतं, तबल्याचा डग्गा सगळीकडे पसरतो, तो आमच्याकडेही नीट पोचतो. पोटात वाजतो. पण तंबोऱ्याची जवारी, तार सप्तकातलं काही, शब्दांतले ‘स’ आणि ‘त’, हे सगळं समोर बसलेल्यांचं. आम्हाला त्यातलं तुटक तुटक मिळतं. वारा फिरला की येतं, परत जातं. आधी मला राग यायचा. मग मी तेच कोरायला लागले.”

दादांनी तो लिनोकट पुन्हा उचलला. मीही वाकून पाहिलं. मघाशी मला त्यात नुसता काळा ठोकळा आणि काही रेघा दिसल्या होत्या. खाली दाट, जाड, कडा नसलेला काळा गोळा, जवळजवळ निम्मा कागद व्यापलेला. वर बारीक पांढऱ्या रेषा, मध्येच सुटलेल्या, पुन्हा भलतीकडे सुरू झालेल्या. गायक कुठेच नव्हता.

व्यासपीठावर गाण्याबरोबर चित्र काढण्याचे प्रयोग झालेले आहेत. चित्रकार हुसेन यांनी भीमसेन जोशींच्या गाण्यासोबत सर्वांसमोर कुंचला चालवला होता. पण त्यात चित्रकार स्टेजवर होता, उजेडात, गायकाच्या बरोबरीने. कनातीमागे बसून उरलेलं गाणं ऐकणाऱ्याचं चित्र मी तरी आधी पाहिलं नव्हतं. आणि हे चित्र स्टॉल लावल्याशिवाय झालं नसतं, हा मुद्दा तिने काढायच्या आत माझ्याच डोक्यात आला.

“म्हणजे भाडं भरून तू अर्धं गाणं ऐकते,” दादा सावकाश म्हणाले, “आणि ते अर्धं सहाशेला विकते.”

“हो.”

“घेतं कोण?”

“समोर बसलेले कमी घेतात. ते पोस्टकार्ड घेतात, नाहीतर गाणाऱ्यांचा चेहरा आहे का विचारतात. हे घेतात ते मागचे. कडेवर पोर रडतं म्हणून बाहेर आलेली बाई. पार्किंगचा पोरगा, चहावाला, बंदोबस्ताला आलेला हवालदार. गेल्या वेळी एक मांडववाला आला, म्हणाला, ताई, हे आमच्याकडूनचं गाणं आहे. सहाशे नव्हते त्याच्याकडे, दोन हप्त्यांत दिले.”

“उधार दिलं? चार दिवसांच्या दुकानात उधार?”

“दिले ना त्याने.”

“ते त्याचं चांगुलपण. धंद्यात चांगुलपण धरायचं नसतं.” पण आवाजात जोर नव्हता. ज्यांचा बाप रिकाम्या पेटीच्या नफ्यावर जगला, ते दादा त्या मांडववाल्याबद्दल आणखी काही विचारतील असं वाटलं. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

“याचे विसातले किती उरले?”

“अकरा.”

“अकराही दे. थोक भावात. दुकानात लावतो, सणाला गिऱ्हाइकांना वाटतो. तुझी कमाई आजच झाली समज, आणि मैदानात जायची गरज नाही.”

“नाही देणार, दादा.”

“काऊन?”

“सगळे तुम्हीच नेले तर मांडववाल्यासारख्या माणसाला मी काय दाखवू?”

“जरीपटक्याच्या बाजारात थोकाला नाही म्हणणारी तू पहिलीच असशील. बरं, पाच.”

“दोन.”

“दोनाने माझी भिंत भरत नाही. तीन, आणि ही पॉपलीन खरेदीच्या भावात.”

“तीन. पॉपलीन पूर्ण भावात. आणि लिनोकटही पूर्ण भावात.”

“पाच टक्के तरी सोड. इतकी वर्षं ओळखतो तुला.”

“फिक्स रेट आहे, दादा. तुमच्याच दुकानात पाटी आहे मागे.”

दादांनी वळून पाटीकडे पाहिलं, मग मीटरपट्टी उचलली. “सहा मीटरने होणार नाही. वरून दुमडायला पाहिजे, दोरी ओवायला. साडेसात घे. आणि माझ्या तिघांचं पक्कं बिल कर, नंबर घालून.”